माहेरची पॅसेंजर

आमच्या नाशिक रोडला भिंतीवरच्या घड्याळाचं कौतुक कधी फारसं नव्हतंच. प्रेसचा भोंगा झाला की डबे भरायचे, सकाळी सातच्या सुमाराला पंचवटी गेली की दुसरा चहा टाकायचा आणि रात्री ती परत आली की गल्लीतले मुंबईकर घरी पोचले असं समजून कुकर उतरवायचा. स्टेशनजवळ राहणाऱ्या बाईला गाड्यांची वेळ पाठ करावी लागत नाही, ती अंगात भिनते.

मी १९७८ साली लग्न होऊन इथं आले. आमचे हे नोटांच्या छापखान्यात. इथला छापखाना १९२८ सालचा. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मैत्रिणींना वाटलं, हिच्या घरी आता नोटांच्या थप्प्याच असणार! प्रत्यक्षात महिनाअखेरीला आमच्याकडेही डाळीचा डबा तळ दाखवायचाच. असो. सांगायचं ते नोटांबद्दल नाही, गाडीबद्दल आहे.

माझं माहेर कसबे सुकेणे. नाशिक रोडहून मनमाडकडे निघालं की ओढा, मग खेरवाडी, मग कसबे सुकेणे. तिसरं स्टेशन. इतकं जवळ माहेर, की सासूबाई थट्टेनं म्हणायच्या, "हिचं माहेर म्हणजे परसदारीच." पण परसदारी जायलाही दार लागतं, आणि ते दार म्हणजे पॅसेंजर गाडी. मोठ्या गाड्या सुकेण्याला ढुंकूनही बघत नाहीत. धूळ उडवत निघून जातात. थांबायची ती पॅसेंजरच. सकाळचं आवरून तीत बसायचं, दिवसभर आईजवळ राहायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं कोथिंबीर, मेथी, वालाच्या शेंगा पिशवीत घेऊन परत यायचं.

डिसेंबरच्या सुट्टीत माझी नात आली होती. लेक अमेरिकेत डेन्व्हरला असते. नात अकरा वर्षांची, प्रश्न विचारण्यात पटाईत. स्टेशनवरची पाटी वाचून तिनं पहिलाच प्रश्न टाकला, "आजी, नाशिक नाही तर नाशिक रोड का?"

तिला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते, कारण इथं जन्म काढलेल्या कितीतरी जणींनाही ते ठाऊक नसतं. रेल्वेचा रस्ता नाशिक शहरातून गेला नाही, आठ-नऊ किलोमीटर बाजूनं गेला. जिथं उतरून गावाचा रस्ता धरायचा, ते स्टेशन म्हणजे ‘रोड’. मग हे अंतर कापायचं कसं? त्यासाठी १८८९ साली नाशिकमध्ये ट्राम सुरू झाली. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून थेट स्टेशनपर्यंत. लाकडी डबे, ओढायला चार घोडे. पुढं घोड्यांच्या जागी इंजिन आलं. १९३०नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती ट्राम बंद पडली. आज त्या रस्त्यावर तिचा रूळ औषधालाही सापडणार नाही. बंद पडलेली गाडी लोक किती लवकर विसरतात, याचा हा घरचाच दाखला.

मुंबईहून इकडे यायचं तर वाटेत थळ घाट. आपण त्याला कसारा घाट म्हणतो. मुंबई ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ला, पण गाडी घाट चढून इगतपुरीला पोचायला १८६५ साल उजाडलं. कसाऱ्यापासून इगतपुरी अवघी चौदा किलोमीटर, पण तेवढ्यात गाडी सुमारे तीनशे मीटर वर चढते. सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर, असा तो चढ. पुढचं इंजिन एकटं पुरं पडत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागं आणखी इंजिनं जोडायची आणि ढकलत वर न्यायची. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. माझे वडील म्हणायचे, "संसारही असाच. ओढणारा सगळ्यांना दिसतो, मागून ढकलणारी दिसत नाही." आई तेव्हा चुलीपाशी असायची. ती काही बोलायची नाही, फक्त भाकरी जरा जोरानं थापायची.

पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली १९७५ साली. मनमाडहून सकाळी निघायचं, नाशिक रोडला माणसं भरून घ्यायची आणि कचेरी उघडायच्या सुमाराला मुंबई गाठायची. संध्याकाळी तीच गाडी परत. आमच्या गल्लीतल्या दोघीजणी तिच्या पासवर मुंबईत नोकरी करायच्या. रोजचे जाऊन-येऊन पावणेचारशे किलोमीटर! तुम्ही म्हणाल, घर कधी बघायच्या? अहो, घर गाडीतच चालायचं. मटार सोलणं, मेथी निवडणं, स्वेटर विणणं, मुलांच्या वह्यांना कव्हर घालणं. संक्रांतीला तिळगूळ आणि हळदीकुंकू डब्यातच. एकीच्या मुलीचं लग्न जुळलं तेही इगतपुरी आणि कल्याणच्या मध्ये. पंचवटी चुकली तर मागून गोदावरी होतीच. गेल्या वर्षांत, २०२५ साली, पंचवटीत प्रयोग म्हणून पैसे काढायचं एटीएम बसवलं. धावत्या गाडीतलं देशातलं पहिलं. हे वाचून आमचे हे म्हणाले, "जन्मभर नोटा छापल्या आम्ही, आणि आता त्या मिळणार गाडीत!"

पण पंचवटी म्हणजे गावची थोरली सून. तिचं कौतुक सगळीकडे. पॅसेंजर म्हणजे धाकटी, मुकाट्यानं राबणारी. भुसावळ पॅसेंजरमध्ये द्राक्षाच्या पाट्या, पेरूच्या टोपल्या, कांद्याची पोती आणि त्यांच्यावर बसलेल्या बायका. लासलगाव, निफाडकडून शहरात भाजी विकायला येणाऱ्या या बायका पहाटे घर सोडायच्या. त्यांच्याशी ओळखी झाल्या, की आधी एक पेरू हातात पडायचा आणि मग सगळी सुखदुःखं. सिझेरिअन झालेल्या सुनेला काय खायला द्यावं, इथपासून जमिनीच्या वाटणीपर्यंत. मला डिंकाच्या लाडवात खारीक किती घालावी, हे शिकवलं ते उगावच्या एका म्हातारीनं, ओढा स्टेशनात गाडी खोळंबली असताना.

आता जरा लांबच्या गाडीत बसू या. २०१९च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे डेन्व्हरला गेले. चार दिवसांत मोठाली दुकानं बघून झाली. मी म्हटलं, "मला इथल्या आगगाडीत बसायचंय." जावई चकित. "आई, ट्रेननं? इथं ट्रेननं कोण जातं?" पण लेक माझीच. तिनं तिकिटं काढली. डेन्व्हरहून ग्लेनवुड स्प्रिंग्ज, तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर.

स्टेशन बघून मी थक्क झाले. काय ती दगडी इमारत! आत उंच छत, लाकडी बाकं, झुंबरं. पण इमारतीत आता हॉटेल आहे. लांब पल्ल्याची गाडी म्हणाल तर दिवसात पश्चिमेकडे एक आणि पूर्वेकडे एक. एवढ्या मोठ्या शहराला! आमच्या नाशिक रोडला तासाभरात याहून जास्त गाड्या जातात. मी पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. (दुधात भिजवलेल्या दशम्या प्रवासात दोन दिवस मऊ राहतात, कणकेत एक चमचा तेल मात्र विसरू नका.)

गाडी दुमजली, सुरेख. एका डब्याला तर छतापर्यंत काचा. डेन्व्हर सोडलं की गाडी वळणं घेत डोंगर चढायला लागते. मला आपला घाटच आठवला. मग बोगदा येतो, सुमारे दहा किलोमीटर लांबीचा, १९२८ साली खुला झालेला. म्हणजे आमच्या छापखान्याच्याच वयाचा! बोगद्यापलीकडं कोलोरॅडो नदी गाडीला सोबत करते. लाल कडे, खाली हिरवं पाणी. माझ्या शेजारी एक अमेरिकन आजीबाई होत्या. दशमीचा तुकडा त्यांना दिला, त्यांनी आवडीनं खाल्ला. लेक मध्ये दुभाषी. त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी त्यांच्या खेड्यात दिवसाला चार गाड्या थांबत. आजीकडे जायचं ते गाडीनंच. मग एक एक कमी झाली. आता त्या स्टेशनात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे, आणि त्यांच्या शाळेतली बाकं तिथं मांडलीत. "मी जिवंत आहे आणि माझं बाक संग्रहालयात," असं म्हणून त्या हसल्या. पण डोळे काही हसले नाहीत.

हे झालं कसं? घरी आल्यावर मी वाचून काढलं. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. देशभर हिंडल्या, व्याख्यानं दिली आणि परत येऊन १८८९ साली त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. त्या काळी तिकडे लांबच्या गावी जायचं साधन एकच, आगगाडी. १९१६च्या सुमाराला अमेरिकेत चार लाख किलोमीटरवर रेल्वेमार्ग होते. आज आपल्या साऱ्या भारतात आहेत त्याच्या पाचपटीहून अधिक. मग घरोघरी मोटारी आल्या. १९५६ साली सरकारनं देशभर रुंद रस्ते बांधायचा कायदा केला. वर विमानं उडू लागली. गाड्यांना टपाल वाहण्याचे पैसे मिळायचे, १९६७ साली तेही बहुतेक गेले. गाड्या खासगी कंपन्यांच्या, तोटा कोण सोसणार? लहान स्टेशनं आधी गळाली, मग गाड्या. शेवटी १ मे १९७१ला, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनी, सरकारनं ‘अ‍ॅमट्रॅक’ नावाची एकच संस्था करून उरल्यासुरल्या गाड्या तिच्या ओटीत घातल्या. त्या एका दिवसात जवळपास निम्म्या गाड्या बंद झाल्या. आज लास व्हेगास, नॅशव्हिल अशा मोठ्या शहरांनाही लांब पल्ल्याची गाडी नाही.

माझ्या मनात एक गोष्ट घट्ट बसली. तिथली गाडी एका रात्रीत मेली नाही. आधी लोक म्हणाले, "या गाडीनं कोण जातं?" मग खरंच कोणी जाईनासं झालं.

ग्लेनवुडला जावई आम्हाला न्यायला मोटार घेऊन आले होते. ते आमच्यानंतर निघून आमच्याआधी पोचले होते. मी काही बोलले नाही.

मग २०२० साल आलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि जन्मात पहिल्यांदा आमचं स्टेशन मुकं झालं. रात्री जाग यायची ती शांततेनं. आई तेव्हा चौऱ्याऐंशीची. रोज फोन. "गाडी सुरू झाली का गं?" मी म्हणायची, "होईल." ऑगस्टच्या सात तारखेला देवळालीहून बिहारमधल्या दाणापूरला पहिली किसान रेल निघाली. भाजी, फळं घेऊन. शेतकऱ्याचा माल वाचला, चांगलंच झालं. पण आई फोनवर म्हणाली, "भाजीला गाडी मिळाली, आता लेकीला कधी मिळते बघू."

पुढं मोठ्या गाड्या हळूहळू सुरू झाल्या. पॅसेंजर नाही. तुम्ही विचाराल, रस्ता नव्हता का? होता ना. पण यांचं हृदयाचं दुखणं, माझे गुडघे, मोटार आमच्याकडे नाही. दोनदा भाड्याची गाडी करून गेले. आणि तेव्हा कळलं, पॅसेंजर मला नुसतं माहेरी पोचवत नव्हती, ती मला अख्खा दिवस देत होती. सकाळची गाडी गेली की संध्याकाळपर्यंत परतीची नाही, म्हणून आईजवळ बसण्यावाचून दुसरा उद्योगच नसायचा. तिचं डोकं विंचरायचं, लोणच्याची बरणी पुसायची, दुपारी दोघींनी आडवं व्हायचं. भाड्याची गाडी दारात उभी असली की ड्रायव्हर घड्याळ बघतो. वहिनी चहा टाकते. तासाभरात निघायचं. आई म्हणाली, "आलीस काय, निघालीस काय. पाव्हणी झालीस."

२०२१च्या पावसाळ्यात आई गेली. जानेवारी २०२२मध्ये इगतपुरी ते भुसावळ ‘मेमू’ सुरू झाली. विजेवर धावणारी, दोन्ही बाजूंना तोंड असलेली, लहान स्टेशनं घेत जाणारी. दोष कोणाला देऊ? साथच तशी होती. पण मेमूचा पहिला भोंगा ऐकला तेव्हा मी कणीक मळत होते, आणि हात तसाच थांबला.

त्या काळात अशा गाड्यांचं कमीत कमी भाडं दहाचं तीस रुपये झालं होतं. तुम्हाआम्हाला वीस रुपये म्हणजे काय? पण टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला येण्याजाण्याचे चाळीस म्हणजे दिवसाच्या कमाईतला घास. फेब्रुवारी २०२४मध्ये भाडं पुन्हा दहावर आलं. मधल्या काळात त्यातल्या कितीतरीजणी टेम्पोनं जायला लागल्या.

पुढचं चित्र मात्र निराशेचं नाही, हेही सांगितलं पाहिजे. २०२३च्या फेब्रुवारीत मुंबई-शिर्डी वंदे भारत आमच्या स्टेशनातून धावू लागली. त्याच वर्षी डिसेंबरअखेर मुंबई-जालना सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. ही गाडी मागं इंजिन न लावता घाट चढते. वडील असते तर म्हणाले असते, "आता ढकलणारी नको झाली!" मी त्यांना सुरेखाताई यादवांचं नाव सांगितलं असतं. साताऱ्याकडच्या या बाई आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. २०११च्या महिला दिनी त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, २०२३ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. सप्टेंबर २०२५मध्ये निवृत्तीआधीची शेवटची गाडी त्यांनी चालवली ती राजधानी, आणि कुठून? इगतपुरीहून मुंबईपर्यंत, आमच्याच घाटातून. ओढणारीही आता बाई आहे, वडील!

सिंहस्थासाठी स्टेशनांवर तयारी. नाशिक-पुणे सरळ रेल्वेचं बोलणं तर माझी लेक शाळेत होती तेव्हापासून ऐकते आहे. नारायणगावाजवळ खोडदला आकाशातले रेडिओ-तरंग टिपणाऱ्या प्रचंड दुर्बिणी आहेत, त्यांना त्रास नको म्हणून मार्ग बदलायची चर्चा झाली. अमेरिकेतही जाग येते आहे. ऑगस्ट २०२५मध्ये बॉस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन मार्गावर ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर धावणाऱ्या नव्या गाड्या सुरू झाल्या. ज्यांनी गाडी घालवली, तेच ती पुन्हा महागात आणताहेत.

वेग हवाच. मुंबईला नोकरीला जाणारीला, दवाखाना गाठणाऱ्याला हवाच. पण थोरलीचं कौतुक करताना धाकटीला उपाशी ठेवू नये. म्हणून मैत्रिणींनो, एक घरगुती सल्ला, मुरांब्याच्या कृतीइतकाच कामाचा. जवळच्या गावी जायचं असेल आणि पॅसेंजर किंवा मेमू असेल, तर महिन्यातून एकदा तरी तिनं जा. आणि तिकीट काढून जा. "एवढ्याशा अंतराला काय तिकीट" म्हणून बसलेली बाई कोणाच्याच हिशेबात येत नाही, आणि मग वर बसलेला माणूस म्हणतो, "या गाडीनं कोण जातं?"

नातीला मी मेमूनं सुकेण्याला नेलं. दोघींची तिकिटं काढली. तिचं तिनं स्वतःच्या मुठीत धरलं. डब्यात एका बाईनं तिला पेरू दिला, मीठ-तिखट लावून. डोळ्यांत पाणी आलं तरी तिनं तो संपवला. ओढा गेलं, खेरवाडी गेली. स्टेशनवर उतरलो तर गाडी लगेच पुढं निघाली, आणि ती म्हणाली, "आजी, आता परत कसं जायचं?"

"संध्याकाळच्या गाडीनं."

"तोपर्यंत काय करायचं?"

"काही नाही," मी म्हटलं. "मामाआजोबांच्या ओट्यावर बसायचं."